लाकडाची बैठक

आमच्या राधानगरीच्या बाजूला शिकारीच्या गोष्टींना कधी तोटा नव्हता. दाजीपूरचं जंगल म्हणजे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, तरी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी जुन्या हाक्यांच्या आणि मचाणांच्या गोष्टी होत्याच. त्या गोष्टींत कौतुक असायचं ते माणसाच्या छातीचं, हाताचं आणि डोळ्याचं. बंदुकीचं झालंच तर नळीचं. बंदुकीच्या लाकडाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नसे. लाकूड म्हणजे धरायची मूठ, एवढंच लोकांना माहीत.

खरी गोष्ट अशी की रायफलीचा निम्मा नेम लाकडात असतो. नळी कितीही सरळ असू द्या, ती लाकडात नीट बसली नसेल तर गोळी जाईल कुठंतरी भलतीकडंच. इंग्रजीत या बसण्याला ‘बेडिंग’ म्हणतात. आमच्या गावच्या सुतारनानांनी तो शब्द कधी ऐकला नव्हता. ते ‘बैठक’ म्हणायचे. जात्याची बैठक, उखळाची बैठक, तशीच बंदुकीची. मला तोच शब्द बरा वाटतो.

माझे थोरले चुलते, आप्पा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला जाऊन आले होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी शेतीच्या राखणीसाठी परवाना काढला आणि ३१५ बोअरची रायफल घेतली. ही रायफल आपल्याच देशात, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. पलटणीत जी ली-एनफिल्ड आप्पांनी वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली, तिचंच हे नागरी भावंड. लष्कराची ३०३ मात्र साध्या नागरिकाला मिळत नसे. लष्करी काडतूस बाहेर फुटू नये म्हणून इंग्रजांनी घातलेली ही बंदी स्वातंत्र्यानंतरही राहिली. म्हणून यंत्र ली-एनफिल्डच्या धर्तीचं आणि काडतूस वेगळं, मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेतल्या ८ मिलिमीटर मॅनलिखरच्या घराण्यातलं, अशी ही जोडी जमली. हिंदुस्थानातल्या कितीतरी शिकाऱ्यांच्या आणि राखणदारांच्या हातात हीच रायफल असायची.

या घराण्याच्या रायफलीचं लाकूड एकसंध नसतं. खांद्याला लागतो तो मागचा दस्ता वेगळा, तो आतून एका लांब बोल्टानं आवळलेला. नळीखाली येतं ते पुढचं लाकूड वेगळं. ते मुख्यतः चापाच्या पुढं असलेल्या एका मोठ्या स्क्रूवर तोललेलं. गोळी सुटली की लोखंड जोरानं मागं येतं. तो सगळा रेटा पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला असलेले दोन लहानसे खांदे झेलतात. बोटाच्या पेरापेक्षा मोठे नसतात ते. बैलाच्या मानेवर जू जसं सारखं बसावं लागतं, तसं लोखंड या दोन खांद्यांवर सारखं बसावं लागतं. जू एका अंगाला कललं की एका बैलाची मान सोलून निघते आणि नांगर तिरका जातो. इथंही तेच होतं.

कोयनेचा भूकंप झाला ते १९६७ साल. त्या सालचा पावसाळा आमच्याकडं मुसळधार होता. आषाढात घरातली दारं फुगली, पेट्यांची झाकणं उघडेनात, भिंतींना बुरा धरला. भाद्रपदात भात पोटरीला आलं आणि रानडुकरं उतरायला लागली. रात्रभर डबे बडवून, टेंभे नाचवून माणसं थकली. एका रात्रीत आमच्या भावकीतल्या एकाचं अर्धं वावर डुकरांनी लोळवलं. भात खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. ज्याच्या घरी वर्षाचं धान्य तेवढ्याच वावरातून येतं, त्याला ते नुकसान काय असतं हे शहरातल्या वाचकाला सांगून कळेलच असं नाही. तो माणूस बांधावर बसून नुसता चिखलाकडं बघत होता.

आप्पा माळ्यावर राखणीला बसले. तांबडं फुटताना ऐंशी पावलांवर एक मोठा डुक्कर आला. आप्पांनी नीट रोखून गोळी घातली. हिवाळ्यात याच रायफलीनं त्यांनी तेवढ्याच अंतरावरचं नारळाचं टरफल उडवलेलं मी पाहिलं होतं. पण त्या सकाळी गोळी खांद्याच्या मागं लागायची ती पोटात लागली. डुक्कर किंचाळला, एक गिरकी घेतली आणि करवंदीच्या जाळीत घुसला.

पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच मरत नाही. ते जाळीत पडून राहतं, तडफडतं, आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातं. त्या जाळीच्या कडेनं बायका शेणीला, लाकूडफाट्याला जायच्या. आप्पांनी आधी गावात सांगावा धाडला की ओढ्याच्या अंगाला कुणी जायचं नाही. मग दोन माणसं आणि एक कुत्रं घेऊन ते मागावर गेले. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला गाठलं आणि संपवलं. घरी आले तेव्हा ते जेवले नाहीत. “जनावराला दीड दिवस हाल दिलं,” एवढंच म्हणाले आणि रायफल मांडीवर घेऊन बसले.

अर्ध्या लागलेल्या गोळीचा हिशेब किती लांब जातो, याचा एक दाखला जगाला ठाऊक आहे. १९०७ साली जिम कॉर्बेटनं कुमाऊँत चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. मेल्यावर पाहिलं तर तिच्या उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. कॉर्बेटनं निदान केलं की ही जुन्या गोळीची जखम. नेहमीचं भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसाकडं वळली. म्हणजे कुणीतरी, कधीतरी, एक गोळी अर्धवट घातली आणि तिची किंमत शेकडो घरांनी मोजली. ती गोळी झाडणारा कोण, त्याची बंदूक कसली, काही कळायला मार्ग नाही. पण अर्धवट गोळीपेक्षा पुरती चुकलेली गोळी परवडते, हे आप्पा त्या दिवसापासून सगळ्यांना सांगायचे.

आप्पांनी दोष हाताला दिला नाही की नशिबाला दिला नाही. फौजेत शिकलेली रीत त्यांनी धरली. नदीकाठच्या दरडीला कागद लावला, शंभर पावलं मोजली, भाताच्या पोत्यावर रायफल टेकवली आणि पाच गोळ्या सावकाश झाडल्या. काडतूस महाग आणि मोजून मिळायचं, तरी पाच झाडल्या. मला त्यांनी कागदाकडं नेऊन समजावलं. “पाची गोळ्या एका ठिकाणी पडल्या आन ती जागा चुकीची असली, तर माशी सरकवायची. रायफल चांगली हाय. पर गोळ्या अशा इस्कटल्या तर माशीला हात लावून उपेग न्हाई. दुखणं आत हाय.” कागदावर गोळ्या सुपाएवढ्या जागेत विखुरल्या होत्या, त्याही बहुतेक डावीकडं.

यामागचं कारण सोपं आहे. काडतूस पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सेकंदाचा शंभरावा हिस्सासुद्धा लागत नाही. पण तेवढ्यात नळी तारेसारखी थरथरते. हा थरथराट दर वेळी एकसारखा झाला तर गोळ्या एका ठिकाणी जातात. लाकूड एका बाजूनं नळीला टेकत असेल, किंवा लोखंड आपल्या जागी हलत असेल, तर दर वेळचा थरथराट निराळा. दोन फुटांच्या नळीचं टोक शेवटच्या क्षणी नुसतं अर्धा मिलिमीटर बाजूला फडकलं, तर शंभर मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर सरकते. अर्धा मिलिमीटर म्हणजे चार-पाच केसांची जाडी. आठ सेंटिमीटर म्हणजे काळीज आणि आतडं यांच्यातलं अंतर.

आप्पा रायफल घेऊन सुतारनानांच्या अंगणात गेले. मीही मागं होतोच. नाना बलुतेदार. गावाचे नांगर, कुळव, गाड्या, चौकटी, पाळणे आणि तिरडीचे बांबूसुद्धा त्यांच्याच हातचे. बंदूक पाहून ते म्हणाले, “हवालदार, लोखंडाचं मला कळत न्हाई. पर लाकडाचं काय इचारायचं ते इचारा.”

आप्पांना वाटत होतं की दस्ताच नवा करावा, सागाचा. साग पाण्याला भीत नाही. नानांनी लाकडावर नख दाबलं, वास घेतला, रेषा पाहिल्या आणि मान हलवली. साग फुगत कमी, हे खरं. पण तो दणका सोसत नाही, रेषेवर चिरतो. बाभळ चिवट, तिला दणका चालतो, पण ती वाळताना वाकते. शिसव कठीण आणि देखणी, पण वजनाला जड. आंबा मऊ, त्याला कीड लागते. “हे तुमचं लाकूड मला ठावं न्हाई, पर ते शाणं हाय,” असं ते म्हणाले. ते लाकूड अक्रोडाचं होतं. हलकं, चिवट, न चिरणारं आणि वाळल्यावर फारसं न वाकणारं असं हे लाकूड. म्हणून जगभरच्या बंदूकवाल्यांनी शतकानुशतकं अक्रोडच धरला. महायुद्धात अक्रोड पुरेना तेव्हा इंग्रजांनी बीच आणि बर्च वापरलं, ऑस्ट्रेलियानं तिथली कोचवुड आणि क्वीन्सलँड मेपल वापरली. कोचवुड मऊ पडायचं, म्हणून तिथल्या कारखान्यानं धक्का झेलणाऱ्या खांद्यांपाशी तांब्याचे तुकडे बसवले. नानांना यातलं काही माहीत नव्हतं. तरी त्यांनी रेषांवर बोट ठेवून मला दाखवलं की मनगटाएवढ्या बारीक भागातून रेषा लांबीनं सरळ गेल्या आहेत, आडव्या तुटलेल्या नाहीत. नांगराचं रुमणं निवडतानाही ते हेच बघायचे.

नानांनी निकाल दिला. लाकूड बदलायचं नाही, बैठक बदलायची. आणि आत्ता नाही, दिवाळी झाल्यावर. भिजलेल्या लाकडावर केलेलं माप वाळल्यावर खोटं पडतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आटतं. बाहेरून तेलपाणी केलेलं असलं, तरी आतली खोदलेली बाजू कोरडीच ठेवलेली असते, आणि दमट हवा तिथूनच शिरते. नानांच्या ओसरीवर पुढचं लाकूड सुटं करून, सावलीत, वाऱ्याला, दोन महिने टांगलेलं होतं. येणारेजाणारे विचारायचे, नाना, हे कसलं रुमणं?

कार्तिकात काम सुरू झालं. पणतीची काजळी धरून ती जवसाच्या तेलात कालवली आणि लोखंडाच्या खालच्या अंगाला बोटानं पातळ लावली. लोखंड लाकडात बसवलं, लाकडी हातोडीनं हलकंच ठोकलं, पुन्हा काढलं. लाकूड जिथं टेकत होतं तिथं काळे ठिपके. पहिल्या वेळी ठिपके तीनच आले. दोन मागं आणि एक नळीच्या डाव्या कुशीत. म्हणजे एवढी थोरली रायफल तीन ठिपक्यांवर डुगडुगत होती! धक्का झेलणाऱ्या दोन खांद्यांपैकी डावा ठेचून आत गेला होता, सगळा भार उजव्यावर. “लंगडा बैल,” असं म्हणून नानांनी पटाशीला धार लावायला घेतली.

काळा ठिपका दिसेल तिथं फुटक्या काचेनं खरवडायचं. एका वेळी कागदाएवढंच. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा काढणं. मी दिवे धरायला आणि काजळी धरायला होतो. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी मागच्या भागात काळा रंग सगळीकडं सारखा उमटला, अंगणात सडा घातल्यासारखा. दोन्ही खांद्यांच्या ठेचलेल्या जागा चौकोनी कोरून त्यांत जुन्या गाडीच्या आऱ्यातून काढलेल्या शिसवीचे दोन तुकडे कुसवासारखे घट्ट बसवले, रेषा पुढून मागं येईल अशा बेतानं. खांबाला भार जसा रेषेच्या दिशेनं दिला की तो दबत नाही, तसंच हे. नळीच्या कुशीतलं लाकूड मात्र उलट, थोडं जास्तच काढलं, नळीला कुठंच टेकू नये म्हणून. पंचांगाचं एक पान नळी आणि लाकूड यांच्यामध्ये घालून टोकापासून मागपर्यंत अडखळल्याशिवाय सरकलं, तेव्हा नानांनी काच खाली ठेवली.

एक अडचण उरली. मोठ्या स्क्रूभोवती लाकडात एक छोटी लोखंडी नळकांडी असते. स्क्रू फार आवळून लाकूड चेपलं जाऊ नये म्हणून ती असते. पण लाकूड आटलं की नळकांडी लाकडापेक्षा उंच ठरते. मग स्क्रू घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो आवळतो नळकांडीला. लाकूड सैलच राहतं. ही खोड आप्पांना पलटणीतल्या आर्मररमुळं माहीत होती. गावच्या लोहारानं ती नळकांडी कानसीनं दोन-चार हात घासली. आप्पा बोट जोडावर ठेवून स्क्रू सैल-घट्ट करत राहिले, लाकूड लोखंडापासून उचललं जातंय का ते बोटाला कळतं. शेवटी ते थांबलं. मग आतल्या कोऱ्या लाकडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात, दर आठ दिवसांनी एक, असे पाच दिले. तेलानं ओल कायमची थांबत नाही, पण ती आत शिरायला वेळ घेते. आमच्या पावसात तेवढंही पुष्कळ.

पौषात आप्पांनी त्याच दरडीला कागद लावला. पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. पण नाना हसले नाहीत. “हे वाळलेल्या लाकडाचं झालं. आषाढात बघू,” म्हणाले. पुढच्या आषाढात, घरातली दारं फुगलेली असताना, आप्पांनी पुन्हा तीन गोळ्या झाडल्या. त्या तळहाताच्या जरा बाहेर गेल्या, पण एका जागी होत्या. तेव्हा नानांनी मजुरी घेतली. पाच पायली भात.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच पाऊस आणि असंच लाकूड यांची गाठ पडली होती. १९६६ साली अमेरिकेच्या मरीन दलानं व्हिएतनामसाठी नेमबाजांची एम-४० रायफल घेतली. रेमिंग्टनची नळी, अक्रोडाचा दस्ता. तिथल्या दमट रानात ते लाकूड फुगलं, वाकलं, नळीला टेकलं आणि गोळ्या भरकटल्या. पैशाला आणि यंत्राला तोटा नसलेल्या फौजेलाही लाकडानं तेच दाखवलं जे आप्पांना दाखवलं होतं. १९७०च्या दशकात त्यांनी लाकूडच सोडलं आणि फायबरग्लासचे दस्ते बसवले. आता तर बैठकीसाठी राळेसारखा रासायनिक लगदा खाचेत ओततात. लोखंडाला आधी मेण फासून ते त्यात दाबायचं. लगदा घट्ट झाला की लोखंडाचा हुबेहूब ठसा तयार. स्क्रूच्या जागी धातूचे खांब बसवतात, म्हणजे लाकूड आटलं-फुगलं तरी आवळणी बदलत नाही. काजळीची तीन दिवसांची मेहनत एका रात्रीत होते. रीत नवी, पण मागणं तेच. लोखंड सगळीकडून सारखं टेकावं, धक्का सरळ मागं जावा, आणि नळी मोकळी असावी.

हे काम मोठ्या माणसांनी कधी हलकं मानलं नाही, हेही सांगायला हवं. महायुद्धात इंग्लंडनं आपल्या निवडक ली-एनफिल्ड नेमबाजांसाठी तयार करायला दिल्या, त्या हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या नामांकित शिकारी बंदुका करणाऱ्या पेढीकडं. तिथल्या कारागिरांच्या कामात दुर्बीण बसवण्याबरोबर लाकडाची बैठक जुळवणंही होतंच. ईशापूरच्या कारखान्यानंही आपल्या लष्करी रायफलींच्या पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली, धक्क्यानं लाकूड चिरू नये म्हणून. आपल्या हवेत लाकडाचं काय होतं, हे तिथल्या कामगारांना ठाऊक होतं.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. आप्पांना त्याचं वाईट वाटलं नाही. निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा व्हायची, परत आली की ते आधी पंचांगाचं पान सरकवून बघायचे, मगच ती खुंटीला लावायचे. ते गेल्यावर परवाना त्यांच्याबरोबर संपला. आमच्यापैकी कुणाला तो नको होता. रायफल परवानाधारक दुकानदाराला देऊन टाकली. त्यानं लाकूड सुटं केलं, शिसवीच्या त्या दोन चौकोनी तुकड्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे कुठल्या कारखान्यात केलंय? मी म्हणालो, आमच्या गावात, बलुत्यावर.

डुकरं अजून उतरतात. आता तर उसामुळं त्यांना लपायला बारमाही जागा झाली आहे. नुकसानीचे पंचनामे होतात, भरपाई कधी मिळते, कधी उशिरा मिळते. डुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती लागावी हे बरोबरच आहे. पण परवानगी मिळते तेव्हा बंदूक कुणाची तरी जुनी, वर्षानुवर्षं खुंटीला लटकलेली, चार पावसाळे फुगून आटलेली असते. तीत काडतूस घालण्याआधी कुणी लाकडाकडं बघत नाही. गावात सुतार होता तोवर दाखवायला एक माणूस तरी होता. नानांची मुलं आता कोल्हापुरात फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूड कापतात.

शेत राखायचा हक्क शेतकऱ्याला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्यावर गोळी झाडायची त्या जिवाचंही आपल्याकडं एक मागणं असतं. मारायचंच असेल तर एका गोळीत मारा. ते मागणं पुरं करायला छाती, डोळा आणि हात एवढ्यानं भागत नाही. एखाद्या ओसरीवर दोन महिने लाकूड टांगून ठेवणारा माणूसही लागतो.